पोस्ट कोणाचीही असो, लिंक एकच असू द्या



संस्थेची वेबसाईट सुरू आहे, फेसबुकचं हे पान सुरू आहे, आणि आता तर जवळजवळ प्रत्येक नाववाल्याच्या घरात एखादं पोरगं रील बनवतंय. सकाळच्या धुक्यातली नाव, जाळं फेकणारे काका, घाटावरची आरती, सगळं मोबाईलवर फिरतंय. लोक बघतात, हात जोडल्याची खूण टाकतात, "सुंदर" असं लिहितात. पण घाटावर उतरलेल्या पाहुण्याला विचारलं की "दादा, आमच्याकडे कसे आलात?", तर उत्तर येतं, "टॅक्सीवाल्याने आणलं" नाहीतर "इथे एक जण भेटला, त्याने नाव ठरवून दिली." वेबसाईट बघून आलो असं सांगणारा क्वचितच भेटतो.

यात नुकसान कोणाचं, ते सरळ हिशोबाने बघा. समजा एका फेरीचे पाहुण्याने सहाशे रुपये दिले आणि मधल्या माणसाने त्यातले दोनशे ठेवले. दिवसाला तीन फेऱ्या धरल्या तरी सहाशे रुपये, म्हणजे एक अख्खी फेरी फुकट वल्हवली. वर्षभर असंच चाललं तर घरातला मुलगा म्हणणारच की यापेक्षा पीथमपूरच्या कारखान्यात जातो. पाहुणा सरळ आपल्याकडे आला पाहिजे. त्यासाठी आधी तो आपल्या वेबसाईटवर आला पाहिजे, आणि तिथपर्यंत त्याला आणायचं काम पोस्टचं आहे. हे कसं जमवायचं याबद्दल आम्ही शिकलो, विचारलं, वाचलं, ते इथे सविस्तर मांडतोय. धार आणि देवास दोन्हीकडचे नाववाले हे पान वाचतात, म्हणून दोन्हीकडच्या घाटांचा विचार करून लिहिलं आहे.

पान दुसऱ्याचं, वेबसाईट आपली

"फेसबुकवर एवढे लोक आहेत, मग वेबसाईट हवी कशाला?" हा प्रश्न आम्हाला बरेच सभासद विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल तीन घडलेल्या गोष्टी सांगतो.

२९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप बंद केले. ज्यांचे लाखो चाहते होते, त्यांचं सगळं एका आदेशात संपलं. चाहत्यांचे फोन नंबर कोणाकडे नव्हते, पत्ते नव्हते. दुसरी गोष्ट ४ ऑक्टोबर २०२१ ची. त्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही जगभर सुमारे सहा तास बंद पडले. ज्यांची सगळी बुकिंग व्हॉट्सॲपवर होती, ते हात बांधून बसले. तिसरी गोष्ट जास्त लोकांना माहीत नाही. गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद केली की पूर्वी गुगल एक छोटी फुकट वेबसाईटही करून देत असे. मार्च २०२४ मध्ये गुगलने त्या सगळ्या वेबसाईट बंद केल्या.

थोडक्यात, दुसऱ्याच्या ओट्यावर दुकान मांडलं तर ओटा कधी उचलला जाईल ते आपल्या हातात नसतं. ओट्यावर बसायचं नाही असं नाही. गर्दी तिथेच आहे, तर तिथे बसावंच लागेल. पण तिथून पाहुण्याला आपल्या घराचा रस्ता दाखवायचा. ते घर म्हणजे वेबसाईट.

आणि घराची कागदपत्रं आपल्या नावावर पाहिजेत. वेबसाईटचं नाव, म्हणजे ज्याला डोमेन म्हणतात, ते संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्या ईमेलवर नोंदलेलं असावं. ज्याने बनवून दिली त्या मुलाच्या नावावर नको. डोमेनचं भाडं दर वर्षी भरावं लागतं. ते चुकलं तर नाव मोकळं होतं आणि दुसरं कोणीही घेऊ शकतं. म्हणून नूतनीकरणाची तारीख संस्थेच्या भिंतीवर लावा. फेसबुक पानाचे ॲडमिनही दोन-तीन जण ठेवा. सचिव बदलले तरी पान राहिलं पाहिजे.

आधी घर झाडून घ्या

पाहुणा लिंक दाबून आला आणि आत त्याला तीन वर्षांपूर्वीचे दर दिसले, फोन लागला नाही, फोटो उघडायला दोन मिनिटं लागली, तर तो परत फिरतो. पुन्हा लिंक दाबत नाही. म्हणून पोस्टचा जोर वाढवण्याआधी वेबसाईटवर या गोष्टी आहेत का ते बघा.

घाट कोणता, गाडी कुठपर्यंत येते, गाडी कुठे लावायची. नकाशावरची खूण स्वतः घाटावर उभं राहून टाकलेली असावी. आपल्याकडे याला फार महत्त्व आहे. सरदार सरोवर सप्टेंबर २०१९ मध्ये पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं आणि कुक्षीकडच्या निसरपूर, चिखलद्याच्या बाजूची जमीन, रस्ते, घाट पाण्याखाली गेले. जुने फोटो आणि जुने रस्ते सांगणारे व्हिडिओ अजून फिरतात. नवा माणूस ते बघून निघाला तर भलतीकडेच जाईल.

एका नावेत किती माणसं बसतील, फेरी किती वेळाची, दर किती, लहान मुलांचं काय. दर स्पष्ट लिहा. "दरासाठी फोन करा" असं लिहिलं की अर्धे लोक फोनच करत नाहीत.

कोणत्या दिवशी नावा बंद असतात. पाणी चढलं की बंद, धरणातून पाणी सोडल्याची सूचना आली की बंद, अमावास्येच्या किंवा नर्मदा जयंतीच्या गर्दीत प्रशासनाने थांबवलं की बंद. हे आधीच लिहिलेलं असलं म्हणजे भांडण होत नाही.

आणि भाषा. हिंदी असावीच, पण मराठीही पाहिजे. धार आणि देवास ही पवारांची संस्थानं, आपली मराठी घरं तेव्हापासूनची. पण मराठी ठेवण्याचं कारण फक्त जुना अभिमान नाही. पुणे, नाशिक, जळगाव, धुळे इथून येणारा माणूस मोबाईलवर मराठीत शोधतो. वेबसाईटवर मराठीत मजकूर असला तर त्याच्या शोधात ती वर येण्याची शक्यता वाढते.

मराठी पाहुणा पुलावरून निघून जातो

हा पाहुणा नक्की कोण, ते ओळखलं तर पोस्ट कोणासाठी लिहायची ते कळतं. महाराष्ट्रातून गाडी घेऊन येणारं कुटुंब सेंधव्याच्या बाजूने मुंबई-आग्रा रस्त्याने येतं. खलघाटच्या पुलावर नर्मदा ओलांडतं, कोणी नाणं टाकतं, कोणी हात जोडतं आणि पुढे जातं. त्यांच्या यादीत मांडव असतं, महेश्वर असतं, ओंकारेश्वर, उज्जैन असतं. ज्यांना इतिहासाची ओढ आहे ते रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांच्या समाधीवरही जातात. २८ एप्रिल १७४० ला बाजीराव तिथे गेले. पण धरमपुरीचा बिल्वामृतेश्वर खलघाटापासून किती जवळ आहे हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. नेमावरचंही तसंच. सिद्धनाथाचं एवढं देखणं जुनं मंदिर, नर्मदेचं नाभिस्थान, समोरच्या काठावर हंडिया. इंदूर-बैतूल रस्ता तिथेच नदी ओलांडतो. तरी माणसं गाडीतूनच बघून जातात.

म्हणून आपली पोस्ट "आमच्याकडे या, या" अशी नको. ती त्या माणसाच्या प्रवासात बसली पाहिजे. "मांडवहून परत जाताना दोन तास आहेत का? खलघाटाजवळ नर्मदेत नावेने फिरून संध्याकाळी निघता येईल. वेळा आणि दर इथे बघा." एवढं पुरे. खाली लिंक.

परिक्रमावासी हा वेगळा पाहुणा. त्यात मराठी माणसं पुष्कळ असतात. परिक्रमेत नर्मदा उजव्या हाताला ठेवतात आणि पात्र ओलांडत नाहीत, हा नियम आपल्याला माहीत आहे, पण रील बनवणाऱ्या पोरांना सांगून ठेवा. "परिक्रमावासींसाठी पैलतीर सैर" अशी जाहिरात केली तर पाहुणा मिळणार नाही आणि हसू होईल ते वेगळंच. त्यांच्यासाठी वेबसाईटवर एक साधं पान ठेवा: घाटावर मुक्कामाची सोय कुठे, सदावर्त कुठे, दवाखाना कुठे, पुढचा रस्ता कसा. यातून आज एक रुपयाही मिळणार नाही. पण देवउठनी एकादशीनंतर निघालेला माणूस परिक्रमा पूर्ण करून घरी गेला की पुढच्या वर्षी बायको-मुलांना घेऊन गाडीने येतो. तेव्हा त्याला आपलंच नाव आठवलं पाहिजे.

कुठे लिंक चालते, कुठे चालत नाही

प्रत्येक माध्यमाची रीत वेगळी आहे. ती न कळता पोस्ट टाकली तर मेहनत वाया जाते.

फेसबुकच्या पोस्टमध्ये लिंक टाकली की ती दाबता येते. पण पानाची पोस्ट पानाच्या सगळ्या चाहत्यांना दिसत नाही, थोड्यांनाच दिसते. ज्या पोस्टवर लोक बोलतात ती पुढे जाते. म्हणून कमेंटमध्ये आलेल्या प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर द्या आणि उत्तरात पुन्हा लिंक द्या.

इन्स्टाग्रामवर फोटोखालच्या मजकुरात लिंक लिहिली तर ती दाबता येत नाही. लिंक प्रोफाईलवर ठेवावी लागते. एप्रिल २०२३ पासून तिथे पाचपर्यंत लिंक ठेवता येतात. स्टोरीत मात्र लिंकचं स्टिकर लावता येतं, पण स्टोरी चोवीस तासच राहते.

यूट्यूबच्या छोट्या व्हिडिओत, म्हणजे शॉर्ट्समध्ये, मजकुरातली आणि कमेंटमधली लिंक ऑगस्ट २०२३ च्या अखेरीपासून दाबता येत नाही. तिथे वेबसाईटचं नाव तोंडाने सांगा आणि व्हिडिओवर ठळक लिहा. मोठ्या व्हिडिओखाली लिंक चालते.

व्हॉट्सॲप आपल्या सगळ्यांच्या हातातलं. स्टेटसला फोटो आणि खाली लिंक टाका. ती स्टोरीसारखीच चोवीस तासांनी जाते, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी टाका, लोक शनिवार-रविवारचा बेत तेव्हाच करतात. ग्रुपवर मात्र रोज रोज टाकू नका, लोक वैतागतात.

गुगल नकाशावरची नोंद मोफत आहे आणि तिथे वेबसाईटचं बटण देता येतं. माणूस खलघाटला चहाला थांबून "जवळ काय बघायला आहे" म्हणून नकाशा उघडतो, तेव्हा हीच नोंद कामाला येते. आलेल्या पाहुण्याला नावेतून उतरताना सांगा, "आवडलं असेल तर नकाशावर दोन ओळी लिहा." पैसे देऊन खोट्या ओळी लिहून घेऊ नका. त्या ओळखू येतात आणि गुगल काढूनही टाकतं.

वेबसाईटचं नाव असं ठेवा की एकदा ऐकून लिहिता येईल. नावेच्या छपरावर, पावतीवर, घाटावरच्या पाटीवर तेच नाव आणि त्याचा क्यूआर कोड लावा.

काय दाखवायचं

वेंगुर्ल्याचं उदाहरण सांगतो. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७ पासून कांदळवन सफर चालवतात. कोळी घरांतल्या या बायका. पाहुण्याला नावेत बसवतात, स्वतः वल्हवतात आणि कांदळवनाची माहिती सांगतात. इंजिनाचा आवाज नाही, धावपळ नाही. त्यांच्याकडे जे आहे तेच त्यांनी पुढे ठेवलं. आपल्याकडेही तेच आहे. पाण्याचं ज्ञान, पक्षी, मासे, डोह, वारा, घाटांच्या कहाण्या. नेमावरचा म्हातारा नावाडी जे सांगतो ते कोणत्या पुस्तकात नाही. त्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. "या डोहाचं नाव असं का पडलं?" एवढा प्रश्न व्हिडिओत ठेवा, बाकीची कहाणी वेबसाईटवर लिहा. लोक उत्तरासाठी तिथे जातील, आणि त्याच पानावर खाली नावेची वेळ व दर असतील.

दुसरं उदाहरण वेळासचं. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे कासवांच्या घरट्यांचं रक्षण सुरू केलं आणि पुढे कासव महोत्सव भरू लागला. लोक गावातल्या घरांत राहतात, घरचं जेवतात. पण पिल्लं कधी बाहेर येतील हे माणसाच्या हातात नसतं. म्हणून निघण्याआधी ताजी माहिती बघावीच लागते. आपल्याकडे पाण्याची पातळी तशीच आहे. "आज पाणी कसं आहे, नावा चालू आहेत का" ही एक ओळ वेबसाईटवर रोज सकाळी बदलली, तर येणारा प्रत्येक माणूस निघण्याआधी ती बघेल. रोज बघण्यासारखं काहीतरी असलं तरच लोक रोज येतात.

वर्षाचा बेत असा ठेवता येईल. पावसाळ्यात मांडवची गर्दी असते, तेव्हा "पाणी उतरल्यावर या" म्हणून पुढच्या महिन्यांची माहिती द्या. दिवाळीच्या सुट्टीआधी महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी. कार्तिकात परिक्रमावासींसाठी. माघ शुद्ध सप्तमीच्या नर्मदा जयंतीआधी गर्दी आणि वाहतुकीची माहिती. मे महिन्यात फक्त सकाळच्या आणि संध्याकाळच्या वेळा.

मासळीची गोष्ट वेगळी ठेवा. इंदूर-देवासच्या ग्राहकाला ताजा रोहू, कटला, मृगळ हवा असतो, पण घाटावर दर्शनाला येणाऱ्या माणसाला आरतीच्या फोटोशेजारी मासळीचा ढीग बघायचा नसतो. वेबसाईटवर दोन वेगळी पानं, आणि पोस्टही वेगळ्या.

काय टाकायचं नाही

यात थोडं कडक बोलावं लागेल.

१६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. प्रजननाचा काळ आहे. पकडणं, विकणं, नेणं सगळ्यालाच बंदी आहे आणि कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. या दोन महिन्यांत जुना मासळीचा फोटो गंमत म्हणून टाकला तरी लोक तो आजचाच समजणार. त्याऐवजी जाळी विणताना, नावेला डांबर लावताना दाखवा. एरवीही महाशीर हातात धरून फोटो नको. तो आपल्या राज्याचा मासा आहे आणि नर्मदेत आता कमी झालाय.

मोटरबोटीबद्दलही नीट ऐका. राष्ट्रीय हरित अधिकरणाच्या भोपाळ खंडपीठाने सप्टेंबर २०२३ मध्ये भोपाळचा मोठा तलाव, नर्मदा आणि राज्यातल्या इतर अशा पाण्यांवर क्रूझ व इंधनावरच्या मोटरबोटी चालवण्याविरुद्ध आदेश दिला. ज्या नावेला प्रशासनाची लेखी परवानगी नाही, तिचा फोटो "सफारी" म्हणून टाकू नका. वल्ह्याची नाव दाखवायला लाज कशाची? वेंगुर्ल्याच्या बायकांची तीच तर ओळख आहे.

लाईफ जॅकेट नसलेल्या पाहुण्यांचा एकही फोटो टाकू नका. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. आई-बाप मुलांना आपल्या नावेत बसवतात ते फोटो बघून. फोटोत जॅकेट दिसलं पाहिजे आणि नावेतही असलंच पाहिजे. फक्त फोटोपुरतं नको.

घाटावर स्नान करणाऱ्या बायकांचे, म्हाताऱ्यांचे फोटो नकोत. परवानगीशिवाय कोणाच्याच चेहऱ्याचा फोटो नको. चार लाईक मिळतील, पण घाटाचं नाव जाईल.

पैशाच्या बाबतीत, ॲडव्हान्स फक्त संस्थेच्या खात्यात घ्यायचा, आणि तो क्यूआर फक्त वेबसाईटवर ठेवायचा. पोस्टच्या कमेंटमध्ये दुसराच कोणी आपल्या नावाने नंबर टाकून पैसे मागू शकतो. असा नंबर दिसला की लगेच काढा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

लाईक मोजू नका, पाहुणे मोजा

कोणत्या पोस्टने पाहुणा आणला हे कळलं नाही तर पुढच्या वर्षी काय करायचं हे ठरवता येत नाही. दोन सोपे उपाय आहेत. वेबसाईट सांभाळणाऱ्या मुलाला सांगा की फेसबुकची लिंक, इन्स्टाग्रामची लिंक आणि व्हॉट्सॲपची लिंक प्रत्येकीच्या शेवटी वेगळी खूण लावून दे. मग किती जण कुठून आले ते मोजता येतं. दुसरा उपाय वहीचा. पावती फाडताना विचारायचं, "कुठून कळलं?" आणि वहीत एक शब्द लिहायचा. संगणक खोटं बोलत नाही, पण वही जास्त सांगते. पाहुणा म्हणतो, "माझ्या मेव्हण्याने लिंक पाठवली." हे संगणकाला कळत नाही.

पैसे देऊन जाहिरात करायची असेल तर हा हिशोब झाल्यावरच करा. ज्या पोस्टने फुकटात पाहुणे आणले तीच पोस्ट, ज्या शहरातून ते आले त्याच शहरात, सुट्टीच्या दोन आठवडे आधी, थोड्या पैशात. वेबसाईट अर्धवट असताना जाहिरात करणं म्हणजे फाटक्या जाळ्याने मासे धरणं.

आता मुख्य मुद्दा: नंबर कोणाचा?

सध्या प्रत्येक जण आपल्या व्हिडिओवर आपलाच नंबर टाकतोय. आम्हाला त्यामागची भावना समजते. नाव आपली, कर्ज आपलं, मेहनत आपली, मग पाहुणा संस्थेकडे का पाठवायचा? पण पुढे काय होतं ते बघा. एकाच घाटाचे दहा नंबर फिरतात. पाहुणा तिघांना फोन करतो आणि तिघांना एकमेकांविरुद्ध खाली आणतो. चौथा त्याहून कमी सांगतो आणि ते भरून काढायला दोन माणसं जास्त बसवतो. पाळी मोडते. ज्याच्या घरात रील बनवणारं पोरगं नाही, त्या म्हाताऱ्या नाववाल्याची नाव दिवसभर खुंट्याला बांधलेली राहते. आणि फोन लागला नाही की पाहुणा पुन्हा त्या दलालाकडेच जातो.

म्हणून येत्या आमसभेत आम्ही असा ठराव ठेवणार आहोत. रील कोणीही बनवा, नाव कोणाचीही दाखवा, पण लिंक संस्थेच्या वेबसाईटचीच द्या. वेबसाईटवर प्रत्येक नावेचं पान असेल. नावाड्याचं नाव, नावेचा फोटो, किती माणसं बसतात, परवानगी कधीपर्यंत. कोणाला ठरावीक नावाडीच हवा असेल तर तो त्याचं नाव निवडू शकेल, म्हणजे ज्याने ओळख कमावली त्याची ओळख बुडणार नाही. बाकी सगळं बुकिंग पाळीने. दर सगळ्यांचा एक. आणि ज्याच्या पोस्टवरून पाहुणा आला हे खुणेवरून कळेल, त्या घरातल्या मुला-मुलीला संस्थेकडून काय द्यायचं ते आमसभेने ठरवावं. मोबाईल चालवणं हेही काम आहे, त्याचा मोबदला असावा असं आमचं मत आहे.

या ठरावाला विरोध असेल तर आमसभेत उघड बोला. दर ठरवताना वल्ह्याची नाव आणि मोठी नाव यांत फरक किती, पाळी सकाळची आणि संध्याकाळची वेगळी असावी का, या प्रश्नांची उत्तरं आम्ही एकट्याने देऊ शकत नाही. ती नाव चालवणाऱ्यांनीच द्यायची आहेत.

तोपर्यंत एवढं करा. आपल्या नावेचा स्वच्छ, दिवसाउजेडी काढलेला एक फोटो, नावाड्याचं नाव, किती माणसं बसतात आणि किती लाईफ जॅकेट आहेत, हे संस्थेच्या कार्यालयात आणून द्या किंवा संस्थेच्या नंबरवर पाठवा. ज्यांना मोबाईल जमत नाही त्यांनी नुसते या, फोटो आम्ही काढू. आणि घरातली जी मुलं-मुली रील बनवतात, त्यांनाही आमसभेला सोबत घेऊन या. त्यांना मागे बसवू नका, पुढे बसवा.

नर्मदे हर!

आपला,
सचिव